कारखाना बंद पडला, पण जमिनीचं काय? कोकणातल्या जुन्या कारखान्यांच्या जागांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लोटे-परशुराम, महाड, रोहा, रसायनी, तळोजा. या पट्ट्यात गंजलेलं फाटक आणि आत माजलेलं रान असे प्लॉट सगळ्यांनीच पाहिले आहेत. माझं काम भूजलाचं. त्यामुळे विहिरीचा फोटो पाठवून "हे पाणी प्यावं का?" असं विचारणारे, आणि बंद कारखान्याशेजारी जागा घ्यावी का म्हणून रात्री दहाला फोन करणारे, दोन्ही माझ्या वाट्याला येतात. प्रश्न तेच तेच असतात, म्हणून एकत्र लिहून ठेवतोय. एका उत्तरात आलेलं दुसरीकडे पुन्हा लिहिलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाली. धूर नाही, वास नाही. मग आता दूषित काय राहिलं असणार?

धूर आणि सांडपाणी थांबलं, एवढंच. टाक्यांच्या गळतीने भिजलेली माती, सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत सुकलेला गाळ, पावसाळी गटाराच्या तळाचा थर, कुंपणालगत पुरलेली बॅरल, हे सगळं जागेवरच असतं. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, पारा हे धातू कुजत नाहीत, विरत नाहीत. फार तर एका रूपातून दुसऱ्या रूपात जातात. क्लोरीनयुक्त द्रावकं (सॉल्व्हंट, म्हणजे इतर पदार्थ विरघळवणारी रसायनं) आणि जुनी कीटकनाशकं दशकानुदशकं टिकू शकतात.

भोपाळचं उदाहरण सगळ्यांना माहीत असतं, पण त्यातलं वेळेचं गणित कुणी मांडत नाही. तो कारखाना १९८४ पासून बंद. आवारात गोळा करून ठेवलेला ३३७ टन विषारी कचरा तिथून पिथमपूरला हलला जानेवारी २०२५ मध्ये. म्हणजे चाळीस वर्षांनी, आणि तोही फक्त पोत्यांत भरलेला. खालची माती आणि भूजल हा वेगळाच विषय.

२. कारखाना वर सड्यावर आहे, आमची वाडी खाली उतारावर, दीड किलोमीटर लांब. आमच्यापर्यंत येईल का?

येऊ शकतं, आणि कोकणात नेमकी हीच शक्यता आधी तपासावी लागते. सड्यावरचा (डोंगरमाथ्याच्या सपाट कातळावरचा) जांभा वरून कडक दिसतो, पण आतून तो स्पंजासारखा पोकळ असतो. त्यात नळ्या असतात, भेगा असतात. रत्नागिरी-रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहून जास्त पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. ते पाणी जांभ्यातून सरळ खाली उतरतं. जांभ्याखाली सहसा पांढुरक्या-गुलाबी चिकणमातीचा थर असतो. पाणी त्याच्यावर अडतं, आडवं सरकतं आणि उताराला झरा होऊन बाहेर पडतं. आपल्या वाड्या त्या झऱ्यांच्याच भरवशावर वसलेल्या आहेत.

त्यामुळे "किती लांब आहे" यापेक्षा "कुठल्या बाजूला आहे" हे महत्त्वाचं. कारखान्याच्या भिंतीला लागून असलेली विहीर स्वच्छ आणि उतारावरची लांबची दूषित, असं घडू शकतं. किती दिवसांत पोचेल याचा एक आकडा मी देत नाही, आणि जागा न पाहता जो देतो त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

जांभ्याच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्यातले लोहाचे ऑक्साइड आर्सेनिकसारखी काही द्रव्यं धरून ठेवतात. उलट आपली माती आम्लधर्मी असल्याने कॅडमियम, जस्त यांसारखे धातू तिच्यात लवकर सुटे होऊन पाण्याबरोबर चालू लागतात.

३. विहिरीच्या पाण्यावर तांबूस, इंद्रधनुषी तवंग येतो. हे कारखान्याचं तेल का?

बऱ्याचदा नाही. काडीने तवंग हलवून बघा. काचेच्या तुकड्यांसारखा फुटला आणि तुकडे सुटे राहिले, तर तो लोहाचा आणि लोहजीवाणूंचा पापुद्रा. जांभ्याच्या प्रदेशात तो पिढ्यान्‌पिढ्या दिसतो. फिरून पुन्हा एकत्र आला, तर तेलकट पदार्थाचा संशय घ्या. खाडीलगतच्या विहिरीत मे महिन्यात पाणी खारट होणं हेही बहुतेकदा समुद्राचं काम.

मात्र पाणी पिवळसर झालं असेल आणि वरच्या अंगाला क्रोमियम वापरणारा कारखाना होता, तर काडीच्या चाचणीवर थांबू नका. आणि ज्या द्रव्यांना ना रंग ना वास, ती डोळ्यांनी कधीच कळत नाहीत.

४. पाणी तपासून घ्यायचं आहे. कुठे आणि काय तपासायला सांगू?

पिण्याच्या पाण्याची नेहमीची तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत होते. तिथे पीएच, टीडीएस, क्षार, नायट्रेट, फ्लोराइड, जीवाणू हे कळतं. औद्योगिक द्रव्यांसाठी मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळा लागते आणि खर्च बराच येतो. म्हणून वाडीतल्या चार घरांनी मिळून करा.

"सगळं तपासा" असं सांगू नका. अशी तपासणीच नसते. आधी कारखान्यात काय बनत होतं ते शोधा. प्रदूषण नियंत्रण मंडळाने दिलेल्या संमतीपत्रात उत्पादनांची आणि घातक कचऱ्याची यादी असते (कागद कसे मिळवायचे, ते प्रश्न १२ मध्ये). रंगद्रव्यांचा कारखाना असेल तर एक यादी, कीटकनाशकांचा असेल तर दुसरी.

नमुना घेण्यातच निम्म्या तपासण्या वाया जातात. द्रावकांसाठी काचेची बाटली काठोकाठ भरा, आत बुडबुडा राहू देऊ नका, आणि बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. धातूंसाठी बाटली वेगळी. तिच्यात आम्ल घालायचं ते प्रयोगशाळा सांगेल तसं. बिसलेरीच्या बाटलीत चार दिवस उन्हात ठेवलेलं पाणी कुणाचंच काही सिद्ध करत नाही. शिवाय एकच नमुना पुरत नाही. मे महिन्यात एक, पहिल्या मोठ्या पावसानंतर एक आणि ऑक्टोबरमध्ये एक घ्या. पहिला पाऊस वर्षभर साचलेलं खाली आणतो, नंतरचा पाऊस तेच पातळ करतो.

अहवाल हातात आला की भारतीय मानक १०५०० शी ताडून बघा. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे शिसं ०.०१ मिलिग्रॅम, पारा ०.००१, कॅडमियम ०.००३, एकूण क्रोमियम ०.०५, नायट्रेट ४५ ही मर्यादा आहे.

५. पाणी उकळून किंवा आरओ लावून प्यायलं तर चालेल ना?

उकळल्याने जंतू मरतात. धातू आणि नायट्रेट उकळल्याने जात नाहीत; पाणी आटतं तसे ते उलट थोडे दाटच होतात. द्रावकं उडून जातात, पण तुमच्या स्वयंपाकघराच्या हवेत. आरओ धातू बऱ्यापैकी अडवतो, सगळी द्रावकं मात्र भरवशाने अडवत नाही. शिवाय आरओचं टाकाऊ पाणी परसात सोडलं की अडवलेलं सगळं तिथेच जातं. अहवाल वाईट असेल तर पिण्यासाठी आणि स्वयंपाकासाठी दुसरा स्रोत, हाच उपाय. द्रावकं सापडली असतील तर त्या पाण्याने बंद मोरीत गरम पाण्याची आंघोळही टाळा.

६. त्या बाजूचा आंबा, भात, भाजी, खाडीतले मासे खायचे की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि याचं हो-नाही असं उत्तर देणारे दोन्ही बाजूंचे लोक चुकतात.

आंबा-काजूसारख्या झाडांच्या फळात मातीतले धातू सहसा कमी पोचतात. मुळं आणि पानं बरंच अडवून ठेवतात. पालेभाजीत ते जास्त येतात. शिवाय पानांवर बसलेली धूळ असतेच. माठ, मुळा, लाल भाजी दूषित मातीत लावू नका. जुन्या प्लॉटच्या कुंपणालगत तर नकोच. लावायचीच असेल तर दुसरीकडची माती आणून वाफे करा.

भाताचं गणित उलटसुलट आहे. खाचरात पाणी भरून राहिलं की मातीतलं आर्सेनिक सुटं होऊन रोपात जातं. कापणीआधी खाचर सुकलं की कॅडमियम उचललं जातं. म्हणून मातीत दोन्ही असतील तर पाणी कमी-जास्त करून सुटका होत नाही. मातीत नुसतं कॅडमियम असेल तर चुना घालून आम्लता कमी करण्याचा उपयोग होतो, तेही कृषी विभागाकडून माती तपासून आणि मात्रा ठरवून.

खाडीचं बोलायचं तर दोन गोष्टी वेगळ्या करा. मासे मरून तरंगणं म्हणजे बहुतेकदा पाण्यातला प्राणवायू एकाएकी संपणं किंवा एखादा तीव्र विषारी लोंढा येणं. दाभोळ खाडीतले भोई मच्छीमार याबद्दल वर्षानुवर्षं ओरडत आहेत. असे मेलेले मासे उचलून खाऊ नका, सुकवू तर अजिबात नका. दुसरी गोष्ट हळू चालते: गाळातले धातू जिवंत, टवटवीत दिसणाऱ्या जिवांत साठत जातात. तिसऱ्या (खाडीतले छोटे शिंपले), कालवं, शिंपल्या पाणी गाळूनच पोट भरतात, त्यामुळे त्यांच्यात ते जास्त साठतात. पारा मोठ्या, दुसऱ्या माशांवर जगणाऱ्या माशांत वाढतो. कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाजवळच्या तिसऱ्या मी खात नाही. तीन-चार किलोमीटर खाली भरतीच्या पाण्यातला बोय मिळाला तर खातो. हे माझं मत आहे, प्रयोगशाळेचा दाखला नाही.

७. कारखान्यातले निळे ड्रम बाजारात स्वस्त मिळतात. पाणी साठवायला वापरू का?

नको. कोकणात अर्ध्या घरांच्या मागच्या दारी तो निळा ड्रम आहे, मला ठाऊक आहे. आत काय होतं ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं आणि प्लास्टिकने शोषलेलं रसायन साबणाने निघत नाही. पत्र्याच्या बॅरलचा चुलाणा करून पाणी तापवणं हा त्याहून वाईट उद्योग. आतला रंग-रसायन जळून धुरात येतं.

८. सफाई म्हणजे प्रत्यक्षात काय करतात?

आधी खोदत नाहीत, हे पहिलं. जेसीबी घेऊन पहिल्याच दिवशी दाखल होणारा ठेकेदार दिसला तर हटकून विचारा की सर्वेक्षणाचा अहवाल कुठे आहे. जुने नकाशे, टाक्यांच्या जागा, जुन्या कामगारांची आठवण (कोण कुठे काय ओतत होतं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं), मग ठरावीक अंतरावर माती आणि बोअरच्या पाण्याचे नमुने. दूषण कुठवर आणि किती खोल गेलं आहे याचं चित्र तयार झालं की पद्धत ठरते.

माती थोडी आणि फार विषारी असेल तर उचलून नेतात (प्रश्न ९). धातूंची माती असेल तर कधी ती धुतात, कधी सिमेंट-चुन्यात बांधून जागच्या जागी घट्ट करतात. विषारी षट्‌संयोजी क्रोमियमवर फेरस सल्फेटसारखं द्रव्य देऊन त्याचं कमी घातक त्रिसंयोजी रूप करतात. तेलकट दूषणावर जीवाणू काम करतात. कोकणातली उष्ण हवा त्यांना मानवते. भूजल दूषित असेल तर बोअरने उपसून, शुद्ध करून सोडतात. हे वर्षानुवर्षं चालतं. पाण्यापेक्षा जड द्रावकं जांभ्यातून उतरून खालच्या काळ्या पाषाणाच्या भेगांत बसली असतील तर ती पूर्ण निघतील असं आश्वासन कुणीही देऊ नये. काही ठिकाणी वर अभेद्य आच्छादन घालून पाऊस आत जाऊ न देणं एवढंच शक्य असतं.

आपल्याकडे पंचांग बघूनच काम करावं लागतं. उघडा खड्डा सात जूनला उघडाच राहिला तर वर्षभर जागेवर पडून असलेलं विष आठ दिवसांत पऱ्याला (ओढ्याला) लागतं. खोदकाम ऑक्टोबरनंतर सुरू आणि मेच्या मध्याला खड्डे बंद, ढिगाऱ्यांवर ताडपत्री, भोवती चर. हे निविदेत लिहिलेलं असलं पाहिजे. एप्रिल-मेमध्ये उलट भीती धुळीची. तेव्हा पाणी मारत राहावं लागतं, पण इतकंही नाही की ते वाहून जाईल.

९. उचललेली माती जाते कुठे? आमच्या गावच्या रस्त्याला भराव म्हणून देतो म्हणाले.

घेऊ नका, आणि लेखी नाही म्हणा. घातक ठरलेली माती परवानगी असलेल्या सुविधेतच जायला हवी. रायगड जिल्ह्यात तळोजा इथे अशी सामाईक सुविधा आहे. तिथे अस्तर घातलेली भरावभूमी आहे आणि दाहिनीही. प्रत्येक ट्रकबरोबर घातक व इतर कचरा नियम, २०१६ मधलं दहा क्रमांकाचं फॉर्म, म्हणजे मॅनिफेस्ट, असतं. किती टन निघाला, कुठे पोचला, हे त्यात जुळलं पाहिजे. ट्रक निघाले चाळीस आणि पोचले तीस, तर उरलेले दहा कुठल्या तरी घाटात रिकामे झाले. "भराव फुकट" हे शब्द ऐकले की मला तेच दहा ट्रक आठवतात.

१०. वाळा, सूर्यफूल लावून माती साफ होते असं वाचलं.

उथळ, सौम्य दूषणावर मदत होते. वेळ मात्र अनेक वर्षांचा. शिवाय धातू शोषलेली पानं-मुळं हाच मग कचरा होतो. ती जाळू नका, गुरांना घालू नका. पुरलेल्या बॅरलवर वाळा लावून काही होत नाही.

११. किती कमी झालं की जागा "साफ" म्हणायची?

पुढे तिथे काय होणार यावर ते ठरतं. पुन्हा कारखाना येणार असेल तर मर्यादा सैल, घरं किंवा शेती येणार असेल तर कडक. कोडाईकनालच्या थर्मामीटर कारखान्याचं प्रकरण या बाबतीत डोळे उघडणारं आहे. उत्पादन २००१ मध्ये थांबलं. मातीतल्या पाऱ्याची मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम ठरली, आणि ती जंगलालगतच्या जागेसाठी फार सैल आहे म्हणून तिथल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं भांडण केलं. त्यातून एक शिकलो: मर्यादेचा आकडा ठरत असतानाच ग्रामसभेने बोलायचं. काम संपल्यावर नुसतं पत्र हाती येतं.

१२. तक्रार कुठे करू? आणि कागद कुठून आणू?

महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची उपप्रादेशिक कार्यालयं चिपळूण आणि महाडला आहेत. तिथे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. प्रत जिल्हाधिकाऱ्यांना द्या. हे आता महत्त्वाचं झालं आहे, कारण जुलै २०२५ मध्ये केंद्राने दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे स्वतंत्र नियम काढले. त्यानुसार जिल्हा प्रशासनाने संशयित जागांची यादी दर सहा महिन्यांनी द्यायची, मंडळाने किंवा नेमलेल्या संस्थेने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची आणि पुढच्या तीन महिन्यांत सविस्तर सर्वेक्षण करून जागा दूषित आहे की नाही ते ठरवायचं. प्रत्यक्ष सफाई किती दिवसांत संपवायची याला मात्र नियमांत मुदत नाही. माझ्या मते ही त्यांची सगळ्यात मोठी फट.

कागदांसाठी माहितीचा अधिकार वापरा. उत्तराची मुदत ३० दिवस. "सगळी माहिती द्या" असा अर्ज फेटाळला जातो, म्हणून नेमकं मागा: संमतीपत्रं, घातक कचऱ्याचं वार्षिक विवरण म्हणजे फॉर्म ४, मॅनिफेस्ट, पर्यावरण विवरण, बंदचे आदेश, तपासणी अहवाल. विवरणात दरवर्षी तयार झालेला गाळ आणि मॅनिफेस्टवर बाहेर गेलेला गाळ यांची वजाबाकी करा. उत्तर शून्याच्या बरंच वर आलं, तर उरलेला गाळ आवारात शोधायचा. असा कचरा ९० दिवसांपेक्षा जास्त साठवायला सहसा परवानगी नसते.

हरित न्यायाधिकरणाचं पश्चिम विभागाचं पीठ पुण्यात आहे. नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्यासाठी कारण घडल्यापासून पाच वर्षांची मुदत असते, इतर पर्यावरणीय वादांसाठी फक्त सहा महिन्यांची. दोन्हींना सबळ कारण दाखवलं तर ६० दिवस वाढवून मिळू शकतात. "बघू पावसाळ्यानंतर" म्हणता म्हणता सहा महिने जातात.

१३. खर्च कोण करणार?

ज्याने केलं त्याने. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये राजस्थानातल्या बिछडी गावाच्या प्रकरणात हे तत्त्व ठामपणे लावलं. तिथे एच-आम्ल (रंग बनवायला लागणारं रसायन) बनवणाऱ्या कारखान्यांच्या गाळाने विहिरी नासल्या होत्या. पण कंपन्यांनी पैसे भरावेत म्हणून त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला, हेही लक्षात ठेवा. २०२५ च्या नियमांनुसार मंडळाने ९० दिवसांत जबाबदार व्यक्ती शोधायची. ती सापडली नाही किंवा भरू शकली नाही, तर केंद्र आणि राज्य सरकारने खर्चाची सोय करायची.

१४. कंपनी दिवाळखोरीत गेली, प्लॉट लिलावात तिसऱ्यानेच घेतला. आता?

सगळ्यात अवघड गाठ हीच. कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत असेल तर दावे दाखल करायला मुदत असते. मंडळाने सफाईच्या खर्चाचा दावा त्या मुदतीत केला आहे का, हे लेखी विचारा. दिवाळखोरी सोडवण्याची योजना मंजूर झाल्यावर जुने दावे पुढे रेटणं फार कठीण होतं. लिलाव "जसं आहे, जिथे आहे" या अटीवर होतो. म्हणजे घेणाऱ्याच्या गळ्यात खालची मातीही येते. औद्योगिक क्षेत्रातला प्लॉट साधारणपणे औद्योगिक विकास महामंडळाचाच (एमआयडीसीचा) असतो आणि कंपनीकडे ९५ वर्षांचा भाडेपट्टा. हस्तांतरणाला महामंडळाची संमती लागते. हरकत नोंदवायची ती संमतीच्या आधी. घेणारे तुम्ही असाल तर व्यवहारापूर्वी माती-पाण्याचा अहवाल स्वतःच्या खर्चाने करून घ्या. तो खर्च नंतर निघणाऱ्या टाकीपेक्षा स्वस्त पडतो.

१५. शेजारी नगरपरिषदेचं डंपिंग ग्राउंडही आहे. मग २०२५ चे हे नवे नियम (प्रश्न १२) लागू होतात का?

निव्वळ घनकचऱ्याचं डंपिंग, खाणकाम, किरणोत्सारी कचरा आणि समुद्रातलं तेल यांना ते लागू नाहीत. त्यांचे कायदे वेगळे. पण त्यात घातक रसायनं मिसळून मर्यादा ओलांडली गेली असेल तर विचार होतो. म्हणून अर्जात "कचऱ्याचा वास येतो" असं लिहू नका. कारखान्याचा गाळ तिथे टाकल्याचे फोटो, तारीख, गाडी नंबर द्या.

१६. जुलै २०२१ सारखा पूर आला आणि पाणी बंद कारखान्यातून वाहत घरात शिरलं तर?

घरातला सुकलेला गाळ झाडू नका, ओला असतानाच खरवडून काढा. विहीर उपसून ब्लीचिंग घातलं की जंतू जातात, रसायनं तशीच राहतात. प्रश्न ४ प्रमाणे तपासणी होईपर्यंत टँकरचं पाणी वापरा. शेतात बसलेला गाळ पसरवून नांगरण्याआधी त्याचा नमुना वेगळा ठेवा. एकदा नांगर फिरला की पुरावा आणि दूषण दोन्ही मिसळून जातात.

१७. खाडीतला दूषित गाळ उपसून टाकावा अशी मागणी गावाने करावी का?

सरसकट नको. तळाशी दबलेल्या गाळात धातू बऱ्याच अंशी बांधलेले असतात. ड्रेजर फिरला की तो ढवळतो, प्राणवायूशी गाठ पडते आणि बांधलेलं सुटतं. मग भरती ते खाजणापर्यंत नेते. वरून येणारं बंद झालं असेल आणि वर स्वच्छ गाळाचा थर बसत असेल, तर न छेडणं बरं. गाळ उथळ असेल, होड्या लागण्याच्या जागी असेल, लोक त्यात तिसऱ्या खणत असतील, तर मात्र तेवढाच भाग पडदे लावून काढायला सांगा. उपसलेला गाळ खारफुटीत टाकायचा नाही, हे आधी लिहून घ्या.

१८. सफाईच्या कामावर गावातल्या पोरांना रोजंदारी मिळतेय. पाठवावं का?

कामाचा दर चांगला असतो, म्हणून जातात. जाण्याआधी तीन गोष्टी बघा: तिथल्या रसायनाला चालणारा मास्क देतात का (कापडी रुमाल म्हणजे मास्क नव्हे), काम सुरू करण्याआधी रक्त-लघवी तपासतात का, आणि कपडे बदलून आंघोळ करायची सोय आवारातच आहे का. तिसरी गोष्ट लोक हसण्यावारी नेतात. पण कामाचे कपडे घरी धुवायला आणले, की ती माती पोरांच्या आईच्या हाताला लागते आणि बाकीच्यांच्या कपड्यांच्या बादलीत जाते. कपडे, बूट, डबा, सगळं फाटकाच्या आतच ठेवायचं.